जेआरडी टाटा : हरलेल्या शर्यतीची गोष्ट

१९३० सालच्या मे महिन्याचा पहिला पंधरवडा. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रिया शहराजवळ अबुकीर नावाचे ठिकाण आहे. तिथल्या विमानतळावर सतरा वर्षांचा एक पारशी मुलगा खोळंबून बसला होता. इंग्लंडमधल्या क्रॉयडनहून तो एकटाच विमान घेऊन हिंदुस्थानकडे निघाला होता. बरीच वाट सरली होती आणि नेमका इथे इंजिनाच्या स्पार्क प्लगांनी दगा दिला होता. जवळ जादा प्लग नव्हते. अशा वेळी उलट्या दिशेने, म्हणजे कराचीहून इंग्लंडला निघालेले, तसेच एक छोटे विमान तिथे उतरले. ते चालवणाऱ्या तरुणाचे वय पंचवीस आणि नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. मुलाचे नाव अस्पी इंजिनियर. दोघेही एकाच बक्षिसासाठी उडत होते. एकाचा खोळंबा म्हणजे दुसऱ्याचा फायदा, इतका सरळ हिशेब होता. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग काढून त्या मुलाच्या हातात ठेवले.

ज्यांनी जुनी स्कूटर चालवली आहे त्यांना प्लगला काजळी धरणे म्हणजे काय ते सांगायला नको. रस्त्याच्या कडेला गाडी लावून, प्लग काढून, पॉलिश पेपरने घासून आपण पुन्हा किक मारतो. विमानात ती सोय नाही. खाली वाळवंट किंवा समुद्र असतो. जेआरडींच्या पुढे तर अख्खा भूमध्य समुद्र पार करायचा होता, आणि जे दिले ते त्यांना स्वतःलाही केव्हा लागेल याचा नेम नव्हता.

बक्षीस होते पाचशे पौंडांचे आणि ते जाहीर केले होते आगाखानांनी. खोजा इस्माइली जमातीचे अठ्ठेचाळिसावे इमाम, तिसरे आगाखान सर सुलतान मोहम्मद शाह. पुण्यात येरवड्याच्या वाटेवरचा आगाखान पॅलेस त्यांनीच बांधला, दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून. पुढे १९४२ मध्ये गांधीजींना तिथेच स्थानबद्ध केले गेले, त्यामुळे ते नाव महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. विमानाच्या बक्षिसाची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. तोवर आकाश हे साहेबाचे राज्य मानले जाई. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामधले अंतर ठरावीक मुदतीत, एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला हे बक्षीस मिळायचे होते. जाहिरात १९२९ च्या नोव्हेंबरात झाली आणि वर्षाच्या आत तीन तरुण पुढे आले. त्यातले दोन आपण पाहिले. तिसरे होते रावळपिंडीकडचे सरदार मनमोहन सिंग. त्यांच्या विमानाचे नाव ‘मिस इंडिया’. त्या नावावर इंग्रजी पत्रकारांनी कोटी करून घेतली. एका मुसलमानाने ठेवलेले बक्षीस, त्यासाठी उडणारे दोन पारशी आणि एक शीख; वाटेत इराण, इराक, पॅलेस्टाईन, इजिप्त. दिवस बकरी ईदच्या आगेमागचे.

अस्पी ११ मे १९३० रोजी कराचीत उतरला. जेआरडी युरोपात पोचले तेव्हा कळले, की काही तासांच्या फरकाने आपण मागे पडलो. मनमोहन सिंगांचे नियमात बसले नाही. बक्षीस अस्पीला गेले.

रमजानच्या महिन्यात मशिदीत आणि घराघरांत जकातीची चर्चा होते. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतला चाळिसावा भाग, त्याचा हिशेब, कोणाला द्यायचा, कोणाला नाही. सदका, फित्रा हे शब्दही आता हिंदू शेजाऱ्यांच्या ओळखीचे झाले आहेत. त्याच घराण्यातला आणखी एक शब्द उर्दूत आहे, तो कमी ऐकू येतो. तो म्हणजे ईसार. जकात शिलकीतून दिली जाते. ईसार म्हणजे जे आपल्यालाही हवे आहे ते दुसऱ्याला आधी देणे. यर्मूकच्या लढाईची रिवायत अनेकांनी प्रवचनात ऐकली असेल. रणात जखमी होऊन पडलेल्या एकाला पाणी दिले, तर त्याने शेजारच्याकडे बोट केले, त्याने पुढच्याकडे, आणि पाणीवाला परत फिरला तेव्हा तिघेही गेलेले होते. अबुकीरला कोणाच्या प्राणावर बेतले नव्हते, तेव्हा दोन्ही गोष्टी एका तराजूत घालू नयेत. पण ईसारचा अर्थ मुलांना समजावताना या विमानाच्या गोष्टीचाही उपयोग होतो, एवढे खरे.

आणि हे करणारा तरुण काही साधुवृत्तीचा नव्हता. त्याला जिंकायचे होते. वेगाचे त्याला वेड होते. मुंबईच्या रस्त्यांवर बुगाटी मोटार भरधाव हाकल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला होता. तो लढवायला जॅक विकाजी या वकिलांकडे तो गेला आणि त्यांची पुतणी थेल्मा हिच्याशी १९३० च्या डिसेंबरात त्याचे लग्न झाले.

जेआरडींचा जन्म पॅरिसचा, २९ जुलै १९०४ चा. वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटांचे नातलग आणि भागीदार. आई सुझान फ्रेंच, लग्नानंतर सूनी झालेली. पाच भावंडांत जेआरडी दुसरे. घरात बोली फ्रेंच. शाळा कधी फ्रान्समध्ये, कधी मुंबईत, कधी जपानमध्ये योकोहामाला. उन्हाळ्यात हे कुटुंब इंग्लिश खाडीच्या काठी आर्देलो या गावी राहायला जाई. तिथे शेजारी होते लुई ब्लेरिओ, १९०९ मध्ये ही खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे. त्यांचे विमान किनाऱ्यावरच्या वाळूत उतरे आणि मुलांचा घोळका धावत सुटे. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाताना पोरे धावतात तसेच ते असावे. पंधराव्या वर्षी त्याच गावी त्याला पैसे भरून विमानात बसायला मिळाले. पुढच्या सगळ्या गोष्टींचे मूळ त्या चक्करमध्ये आहे.

आई १९२३ मध्ये क्षयाने गेली. फ्रेंच नागरिक म्हणून मुलाला लष्करात सक्तीची नोकरी करावी लागली आणि ती ज्या पलटणीत झाली तिचे नाव स्पाही. उत्तर आफ्रिकेतल्या मुस्लिम घोडेस्वारांवरून फ्रेंचांनी उभारलेली ही फौज. शब्द मूळचा फारसी सिपाही. तोच तुर्की वाटेने फ्रान्सला पोचला, आणि दख्खनच्या वाटेने मराठीत येऊन शिपाई झाला. या शिपायाला टंकलेखन येत होते, फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही लिहिता येत होते, म्हणून कर्नलसाहेबांच्या कचेरीत बसवले गेले. घोडेस्वारीच्या ओढीने त्याला मुदत वाढवायची होती. वडिलांनी ऐकले नाही, मुंबईला बोलावून घेतले. त्यानंतर ती पलटण मोरोक्कोच्या मोहिमेवर गेली आणि तिथे कापली गेली. वडीलही १९२६ मध्ये गेले. बाविसाव्या वर्षी चार भावंडांची जबाबदारी अंगावर आली.

१९२९ मध्ये त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडले. त्याच वर्षी, १० फेब्रुवारीला, जुहूच्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकून त्यांनी वैमानिकाचा परवाना मिळवला. शिक्षकाबरोबर पावणेचार तास उडाल्यावर त्यांना एकट्याने विमान न्यायला दिले होते. हिंदुस्थानात दिलेला हा पहिला परवाना, त्यावर क्रमांक एक. आयुष्यात अनेक मानसन्मान मिळाले, पण त्या छोट्या निळ्या पुस्तिकेइतके त्यांना दुसऱ्या कशाचे अप्रूप नव्हते, असे त्यांना ओळखणारे सांगत.

शर्यत हरल्यावर दोनच वर्षांनी त्यांनी हिंदुस्थानात हवाई टपाल आणले. कल्पना मूळची नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाची. लंडनहून इम्पीरियल एअरवेजची टपाल-विमाने कराचीपर्यंत येत. तिथून पुढे पत्रे आगगाडीने मुंबई-मद्रासला जात. तो तुकडा आपण विमानाने जोडू, असे व्हिन्सेंट सुचवत होते. दोराबजी टाटांना दोन लाख रुपये घालायला राजी करावे लागले आणि सरकारला राजी करायला त्याहून जास्त वेळ लागला. करार व्हायला १९३२ उजाडले. सप्टेंबरात सुरुवात व्हायची, तर पावसाने जुहूच्या मैदानाचा चिखल केला. अखेर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जेआरडींनी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ जातीचे विमान उचलले. एक इंजिन, कापडाने मढवलेला सांगाडा, पंचावन्न पौंड पत्रे. बिनतारी यंत्र नाही. वाटेत अहमदाबादला थांबले तेव्हा इंधनाचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जुहू. तिथून पुढची पत्रे घेऊन व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला गेले.

जुहूला त्यांची सारी मालमत्ता म्हणजे माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली एक शेड, दोन लहान विमाने आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मेकॅनिक. पावसाळ्यात मैदान समुद्राखाली जाई, मग सगळा संसार पुण्याला हलवायचा. इतके असूनही पहिल्या वर्षी १५५ उतारू नेले आणि साठ हजार रुपये नफा झाला. टपाल कसे वेळेवर पोचवावे याचा धडा इतरांनी या मंडळींकडून घ्यावा, अशा अर्थाचा शेरा सरकारी अहवालाने मारला.

१९३५ मध्ये त्यांची मुंबई-त्रिवेंद्रम सेवा सुरू झाली, वाटेत गोवा आणि कन्नूर. मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याला जायचे तर विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला पंखाखालीच येतात. त्या काळी आपल्याकडच्या माणसाची मुंबई म्हणजे आगबोट. बंदरात उभी राहणारी, पडावातून गाठायची, पावसाळ्यात बंद. त्या बोटींच्या आठवणी घरोघर आहेत, लिहूनही ठेवल्या गेल्या आहेत. वरून गेलेल्या त्या चिमुकल्या विमानांची आठवण एखाद्या घरात असेल तर ती आता तिसऱ्या पिढीच्या तोंडी असणार. ती उतरवून घ्यायला हवी. चिपीच्या माळावर विमान उतरायला २०२१ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. पण या किनाऱ्यावरून विमाने जाऊ लागली त्याला त्याच्या आधी शहाऐंशी वर्षे झाली होती.

पुढचा इतिहास पाठ्यपुस्तकांत आहे, म्हणून थोडक्यात. १९३८ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. १९४६ मध्ये विमान कंपनीचे नाव एअर इंडिया झाले. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेले. अठरा वर्षांपूर्वी ज्या इजिप्तमध्ये प्लगांची देवघेव झाली, त्याच वाटेने आता स्वतंत्र देशाचे चार इंजिनांचे विमान जात होते. १९५३ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. जेआरडींना ते पटले नव्हते, तरी अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि पंचवीस वर्षे बिनपगारी सांभाळले. विमानात बसले की वही निघे. चहा आणि कॉफीच्या रंगात फरक दिसत नाही, पडदा नीट सरकत नाही, खुर्ची पुरेशी मागे जात नाही, अशा टिपणांचा मारा अधिकाऱ्यांवर होई. कुठे घाण दिसली तर स्वतः फडके घेऊन पुसायलाही त्यांना कमीपणा वाटत नसे. १९७८ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने त्यांना त्या पदावरून दूर केले. ते जिव्हारी लागले. दोन वर्षांनी इंदिरा गांधींनी त्यांना संचालक मंडळावर परत आणले, अध्यक्ष म्हणून नव्हे.

बरोबरचे सोबती मात्र एकेक करून आधीच गेले होते. व्हिन्सेंट १९४२ च्या जानेवारीत इंग्लंडहून परतताना विमानासह नाहीसे झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये मनमोहन सिंग ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम बंदरावर जपानी हल्ल्यात मारले गेले. अस्पी इंजिनियर हवाई दलात गेला आणि चढत चढत १९६० च्या डिसेंबरात भारताचा हवाई दल प्रमुख झाला. ज्या पोराला अबुकीरला प्लग मिळाले नसते तर कदाचित परत फिरावे लागले असते, तो हा. त्यांच्याच कारकिर्दीत, १९६१ च्या डिसेंबरात, गोवामुक्तीच्या वेळी आपल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी निकामी केली. शर्यतीची गोष्ट पुढे दोघेही सांगत राहिले. जेआरडी अस्पीच्या जिंकण्याबद्दल बोलत आणि अस्पी जेआरडींच्या प्लगांबद्दल. म्हणूनच ती आपल्यापर्यंत आली. ते प्लग कुठे गेले, त्याला काय महत्त्व?

तरी वस्तूंनाही महत्त्व असते आणि जेआरडींना ते कळत होते. पहिल्या टपाल-उड्डाणाला तीस वर्षे झाली तेव्हा, १९६२ मध्ये, त्यांनी कराची-मुंबई प्रवास पुन्हा केला. पन्नास वर्षे झाली तेव्हा, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, तिसऱ्यांदा. वय अठ्ठ्याहत्तर. विमान त्याच कुळीतले, लेपर्ड मॉथ. तंत्रज्ञांनी जुने विमान दुरुस्त करून उडण्याजोगे केले होते. मधल्या काळात कराची परदेश झाली होती. दोन देशांत युद्धे झाली होती. पहिल्या खेपेला जी वाट एकाच मुलुखातली होती तिच्यावर आता सरहद्द आखलेली होती. दोन्ही सरकारांनी परवानगी दिली. म्हातारा माणूस, एका इंजिनाचे विमान, एकट्याने, कच्छच्या रणाकडून अहमदाबाद आणि अहमदाबादहून जुहू. संग्रहालयात ठेवलेले विमान पाहणे वेगळे आणि ते ज्याने चालवले त्याच्याच हाती आकाशात पाहणे वेगळे. जुहूला जमलेल्या लोकांना ते दुसरे पाहायला मिळाले.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हामध्ये त्यांचे निधन झाले आणि पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत, आईवडिलांच्या शहरात, त्यांना ठेवले गेले. त्यांचे कागद, पत्रे, छायाचित्रे पुण्याच्या टाटा सेंट्रल अर्काइव्हजमध्ये जपली आहेत. काही गोष्टी निसर्गानेच जपल्या. १९६६ मध्ये होमी भाभांना घेऊन निघालेले एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. त्यातली सरकारी टपालाची पिशवी २०१२ मध्ये, छेचाळीस वर्षांनी, हिमनदीतून वर आली. २०२० मध्ये त्याच अपघातातली भारतीय वर्तमानपत्रे सापडली, इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याच्या बातमीची. वाळवून पसरली तर अक्षर वाचता येत होते.

इतक्या लांब जायची गरज नाही म्हणा. बांदा ओलांडून गोव्यात गेले, की दाबोळीजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. १९९८ मध्ये ते सुरू झाले. शाळांच्या सहली तिथे जातात, मुले तोफांजवळ आणि सी हॅरियरजवळ फोटो काढतात. अंगणात तीन शेपट्यांचे एक लांबलचक, माशाच्या पाठीसारखे वाकलेले जुने विमान उभे आहे. ते सुपर कॉन्स्टेलेशन. मूळचे एअर इंडियाचे, नाव ‘रानी ऑफ एलोरा’, म्हणजे आपल्या वेरूळची राणी. जेट विमाने आली तेव्हा, साठच्या दशकाच्या सुरुवातीला, एअर इंडियाची ही विमाने हवाई दलाकडे गेली. देणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष होते जेआरडी टाटा. घेणाऱ्या दलाचे प्रमुख होते अस्पी इंजिनियर. पुढे १९७६ मध्ये ती नौदलाला मिळाली, समुद्रावर नजर ठेवण्यासाठी, आणि ऐंशीच्या दशकात निवृत्त झाली.

विमान उघड्यावर आहे. समोर समुद्र, वर्षातले चार महिने पाऊस, बाकीचे आठ महिने खारे वारे. आपल्या होड्यांचे आणि खिडक्यांच्या गजांचे या हवेत काय होते ते किनाऱ्यावरच्या माणसाला माहीत आहे. ईदनंतर सुट्ट्या लागतील, गोव्याच्या फेऱ्या होतील. मुलांना घेऊन त्या तीन शेपट्यांच्या विमानापाशी थोडे थांबावे आणि प्लगांची गोष्ट तिथेच सांगावी.